थांबायचं विसरलेली बी

पहिल्या खेळात मी शिपाई ठेवले होते.
पुठ्ठ्याचे, बाटल्यांच्या बुचांवर चिकटवलेले, हातात भाले.
औषध म्हणजे फौज,
जबड्यातली गाठ म्हणजे चाल करून आलेला शत्रू.
देणगी देणाऱ्या साहेबांना फार आवडला. त्यांनी फोटो काढले.

थोकोझानीने एक बूच उचलून उलटंसुलटं बघितलं.
नऊ वर्षांचा. डावा गाल पिकल्या पपईसारखा तटतटलेला,
त्यामुळे शब्द उजव्या बाजूनेच बाहेर यायचे.
"हे आले कुठून?"
कुठून नाही, तुझ्याच अंगातले.
"म्हणजे माझेच?"
तुझेच.
"मग भाला कुणाला मारतोस?"

ब्लांटायरच्या त्या वॉर्डात मी मुळात
खाटांचे पाय दुरुस्त करायला आलो होतो.
सिस्टर एनिफा म्हणाली, सुतार आहेस ना,
मग पोरांना कळेल असं काहीतरी कर.
डॉक्टर आईशी बोलतात, आई भिंतीशी बोलते,
आणि पोर मधल्यामध्ये पडून छताचे पत्रे मोजतं.

त्या रात्री माझ्या बायकोने शिपायांवर न्सिमा शिजवली.

मग म्बावाची फळी घेतली. बावोचे खळगे कोरले,
चार ओळी, ओळीत आठ,
बाजारातल्या झाडाखाली दिवसभर डाव मांडणाऱ्या
म्हाताऱ्यांकडून सागरगोटे मागून आणले.
राखाडी, गुळगुळीत, दगडावर घासले की चटका देणारे.
एक म्हातारा म्हणाला, दवाखान्यात कसला खेळ?
आणि खिशातले आणखी चार काढून दिले.

नियम असा:
प्रत्येक खळग्यात दोन बिया.
दोनाच्या चार होतात, चारावर थांबतात.
ही अंगाची रीत.
पण एक बी थांबायचं विसरते.
ती दुष्ट नाही. शेजारणीने करणी केलेली नाही.
तू आईचं ऐकलं नाहीस, म्हणूनही नाही.
(हे वाक्य मी तीनदा सांगतो. तिसऱ्यांदा आयांकडे बघून.)
ती नुसती विसरते.
आठ, सोळा, खळगा भरतो,
शेजारच्या खळग्यात सांडतो.

दर बुधवारी लाल मणी येतो.
लाल मणी आंधळा आहे.
जे जे भराभर वाढतं ते उचलत जातो,
गाठीतलं, आणि केसांच्या खळग्यातलं,
तोंडातल्या कातडीचं, पोटातलंही.
वेझी म्हणाली, "असं होय."
एवढंच. आणि लोकरीची टोपी काढून
उशीखाली सारली.
दुपारी ओकारी आली तेव्हा भांडं पुढे ओढत म्हणाली,
"आंधळा आज पोटात चाचपडतोय."

मी खूश होतो. खोटं कशाला बोलू.

झिओनेची खाट सोमवारी पहाटे रिकामी झाली.
चादर बदलली. खाटेचा पाय मीच बसवला होता, तो हलत नव्हता.
दिवसभर कुणी पट मागितला नाही.
संध्याकाळी थोकोझानी म्हणाला,
"तुझ्या खेळात हरायचं कुठे असतं?"
मी हरणं ठेवलंच नव्हतं.
"मग हा लहान पोरांना गप्प बसवायचा डाव आहे."

माझ्या हातात रंधा असता तर बरं झालं असतं.

नवा नियम त्याने केला, मी फक्त फळीच्या मागे लिहून घेतला:
कधी कधी लाल मणी सगळे संपतात, तरी बी थांबत नाही.
चूक खेळणाऱ्याची नसते.
जो उठून गेला, त्याच्या बिया बाकीच्यांनी वाटून घ्यायच्या.
त्याचे खळगे झाकायचे नाहीत.
आणि त्याचा डाव आला की
सगळ्यांनी एक श्वास थांबायचं.

साहेब पुन्हा आले. शिपाई कुठे गेले, विचारलं.
फळीवर बोट फिरवून म्हणाले, छान घोटलीय.
पोरं खेळत होती. थोकोझानीचा गाल आता निम्मा उतरलाय,
उरलेल्या निम्म्याबद्दल अजून कुणी काही सांगत नाही.
बिया खुळखुळत फिरल्या, फिरल्या,
आणि एकदम सगळे हात मांडीवर.
साहेबांना वाटलं, खेळ अडला.
"काय झालं?"

वेझीने ओठांवर बोट ठेवलं.
"झिओनेचा डाव आहे."